कलर पेन्सिल, टर्पेंटाइन अन् पेपर स्टंप: गालावरचे पांढरे ठिपके घालवायचे कसे, अन् रॉकेल का नाही

घाटंजीकडच्या एका भाऊंनी विचारलंय की वडिलांचं पोर्ट्रेट कलर पेन्सिलनं करतोय, गालावर कागदाचे पांढरे ठिपके ठिपके दिसतात, ते घालवायला पेपर स्टंपनं, म्हणजे कागदाच्या कांडीनं, घासलं तर गाल राखाडी पडला अन् वरून चकाकायला लागला, आणि व्हिडिओत दाखवतात ते बाहेरचं सॉल्व्हंट, म्हणजे पेन्सिलीच्या रंगातलं मेण किंवा तेल सैल करणारं द्रव, लय महाग पडतं, तर त्याच्या जागी रॉकेल किंवा थिनर चालते का.

रॉकेल नको भाऊ, थिनर तर अजिबातच नको, का ते सांगतो. पण आधी एक सांगतो, तुमचा गाल बिघडला तो सॉल्व्हंट नव्हतं म्हणून नाही. रंगाचे थर कमी होते अन् शिसपेन्सिलचं ग्रॅफाइट रंगात मिसळलं म्हणून बिघडला. सॉल्व्हंट आणून ओतलं असतं तरी गाल राखाडीच झाला असता, उलट जास्तच.

मी मूळचा बोर्ड रंगवणारा पेंटर, आर्वीकडचा. फ्लेक्स आलं तसं ते काम बसलं, मग पोर्ट्रेटकडं वळलो, आता कलर पेन्सिलवरच जास्त काम असते. त्यामुळं टर्पेंटाइन, थिनर, रॉकेल या मंडळींशी ओळख जुनी आहे.

कलर पेन्सिलच्या आत काय असतं बघा, रंगाची पूड, तिला धरून ठेवायला मेण नाहीतर तेल, अन् भर म्हणून पांढरी माती वगैरे. प्रिझ्माकलर प्रीमियर ही मेणाची, फेबर कॅसलची पॉलिक्रोमोस ही तेलाची. कागद आपल्याला सपाट दिसतो पण तो खालीवर असतो, पेन्सिल फिरवली की रंग उंचवट्यांवर बसतो अन् खळगे पांढरे राहतात, तेच तुमचे ठिपके. सॉल्व्हंट काय करतं, तर ते मेण किंवा तेल सैल करतं अन् वर बसलेला रंग सरकून खळग्यांत उतरतो, शेणानं सारवताना भेगा भरून येतात तसं. आता वर रंगच पातळ असेल तर खाली उतरणार काय? म्हणून एका थरावर सॉल्व्हंट मारलं की डाग दिसते, ब्लेंडिंग म्हणजे रंग एकजीव झालेला दिसत नाही. कमीत कमी तीन थर तरी पाहिजेत, तेही हलक्या हातानं, बारीक गोल गोल फिरवत, टोक कायम अणकुचीदार ठेवून. दाबून एकाच झटक्यात रंग भरायचा मोह होतो, तो टाळा, दाबलं की कागदाचा दाणा बसून जातो अन् मग वर काहीच धरत नाही.

स्टंपचं आता. पेपर स्टंप म्हणजे दाबून गुंडाळलेल्या कागदाची ती दोन्ही बाजूंनी टोक केलेली कांडी. ही वस्तू चारकोल अन् शिसपेन्सिलसाठी एक नंबर आहे, कारण तिथं पूड मोकळी असते, लगेच पसरते. कलर पेन्सिलमध्ये पूड मेणात बांधलेली असते, कोरडा स्टंप तिला हलवू शकत नाही, तो फक्त मेणावर पॉलिश करतो. तुमचा गाल चकाकला तो त्यामुळं. अन् राखाडी झाला त्याची दोन कारणं असू शकतात, एकतर तोच स्टंप आधी शिसपेन्सिलच्या स्केचला वापरला असेल, नाहीतर खाली ग्रिड, म्हणजे फोटो उतरवायच्या चौकटी, अन् आउटलाइन एचबी किंवा टूबीनं काढून तशीच ठेवली असेल. ते ग्रॅफाइट रंगात मिसळलं की चेहऱ्याचा सगळा जीव जातो, पिवळा अन् गुलाबी तर पहिले मरतात. यावर उपाय सोपा आहे, ग्रिडच्या रेघा अगदी फिकट मारा, मग नीडेबल रबर, म्हणजे कणकेसारखं मळता येणारं खोडरबर, दाबून दाबून उचला, इतक्या की जेमतेम दिसतील, अन् चेहऱ्याची आउटलाइन फिक्या तपकिरी कलर पेन्सिलनं परत काढून घ्या. नीडेबल रबर नसेल तर साध्या मऊ खोडरबरनं करा, पण घासू नका, टेकवा अन् उचला. सॉल्व्हंट लागल्यावर मात्र काही पुसल्या जात नाही, हे ध्यानात ठेवा, रंग कागदाच्या आत गेलेला असतो.

स्टंप फेकून देऊ नका, त्याचं काम आहे, पण ओला करून. नाकपुडीची कड, पापणीखालची सावली, ओठाचा कोपरा, कपाळ अन् केस मिळतात ती जागा, अशा ठिकाणी ब्रशपेक्षा स्टंप बरा पडतो कारण तो जिथं टेकवला तिथंच राहतो. नुसतं टोक सॉल्व्हंटला लावायचं, लगेच टिश्यूवर किंवा जुन्या सुती फडक्यावर टिपायचं, अन् मग हात लावायचा. पूर्ण बुडवला तर कागदाचे पदर सुटतात, टोक सैल पडते अन् कांडी झाडूसारखी होते. वापरून झालं की सँडपेपरवर टोक फिरवून घासून घ्या, साफ निघतं. फिक्या रंगाचा एक, लाल तपकिरीचा एक, निळ्या काळ्याचा एक असे वेगवेगळे ठेवा, वर पेननं खूण करा.

आणि मळलेला स्टंपसुद्धा कामाचा आहे बरं. पांढरी टोपी, पांढरं धोतर, दुपट्टा, आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या पोर्ट्रेटमध्ये हे असतंच असतं, अन् पांढऱ्या कपड्याच्या सुरकुत्या पेन्सिलनं काढल्या की रेघा रेघा दिसतात, कपडा ताठ लाकडासारखा वाटतो. तिथं मी पेन्सिल लावतच नाही. बाजूला एका चिटोऱ्यावर निळसर राखाडी अन् थोडा तपकिरी असा चांगला गडद घोटतो, ओला स्टंप त्याच्यावर फिरवतो, अन् जो रंग टोकाला लागला तेवढ्यावरच सुरकुतीची सावली टेकवतो. टोपीच्या घडीत जिथं कापड आत वळते तिथं जरा दाबून, अन् वर येता येता हात हलका करत सोडून द्यायचा. कड कुठं संपली ते दिसतच नाही. तुमच्या वडिलांच्या फोटोत टोपी असेल तर हे नक्की करून बघा.

बाजारात स्टंपचा सेट मिळतो, लहान मोठे नंबर असतात, पण घरीही होतो. ड्रॉइंग पेपरचा किंवा ब्लॉटिंग पेपरचा लांब तिरपा पट्टा कापा अन् विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळत न्या, शेवटी टेप मारा. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नका, त्याची शाई टर्पेंटाइनमध्ये सुटते. मोठ्या जागेला कापसाच्या काड्या चालतात, अन् आपल्याकडं तर कापूस घरचाच. गंमत अशी आहे की बोंडातला कच्चा कापूस पाणी पीत नाही, त्याच्यावर नैसर्गिक मेणाचा पापुद्रा असतो, पण टर्पेंटाइन मात्र गटागट पितो. फक्त सरकी अन् पानाचा चुरा नीट वेचून काढा, एखादा काळा कण राहिला तर गालावर ओरखडा ओढून ठेवते. तेवढी कटकट नको असेल तर मेडिकलमधला कापूस आणा, तो धुतलेला असतो.

आता सॉल्व्हंट कोणतं. रॉकेलचं आधी. ते हळू उडतं, मागं तेलकटपणा ठेवतं अन् वास महिनोनमहिने जात नाही, गिऱ्हाईक चित्र घरात लावणार आहे हे लक्षात घ्या. त्यात रेशनचं रॉकेल निळं असतं, भेसळ ओळखू यावी म्हणून त्यात रंग टाकतात, तो तुमच्या वडिलांच्या गालावर कशाला पाहिजे? थिनर, म्हणजे स्प्रे पेंटिंगवाले वापरतात ते एनसी थिनर, त्यात टोल्युइनसारखी जहाल द्रव्यं असतात, बंद खोलीत डोकं गरगरतं, अन् ते इतकं झटकन उडतं की रंग सरकायच्या आत पट्टे पडून मोकळं होतं. पेट्रोलचं कुणी विचारूच नका. खोबरेल तेल लावणारेही पाहिलेत मी, तेल उडत नाही ना, तो डाग कागदात पसरत जातो, कागद पारदर्शक दिसायला लागतो अन् काही दिवसांनी खवट वास मारतो. बेबी ऑइल त्यातल्या त्यात बरं, पिवळं पडत नाही, पण तेही वाळत नाही अन् त्याच्यावर पुढचा थर घसरतो. सॅनिटायझर लावू नका, त्यात ग्लिसरीन असतं. मेडिकलमधलं स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते थोडंफार काम करतं, मेण पुरतं विरघळत नाही पण हलका परिणाम येतो, शाळेतल्या पोट्ट्यांनी गंमत म्हणून करायला ठीक आहे, तेही कुणी मोठं माणूस जवळ असताना.

मग राहिलं काय, तर टर्पेंटाइन, अन् बिनवासाचं मिनरल स्पिरिट. टर्पेंटाइन दोन प्रकारचं दुकानात मिळतं. एक आर्ट मटेरियलच्या दुकानातलं छोट्या बाटलीतलं शुद्ध केलेलं, ते पाइनच्या झाडाच्या डिंकापासून होतं. दुसरं हार्डवेअरच्या दुकानातलं, ऑइल पेंट पातळ करायचं, ते पेट्रोलियमचं असतं, मिनरल टर्पेंटाइन. दुसरं स्वस्त पडतं अन् चालतंही, पण प्रत्येक डबा सारखा नसतो. आणल्यावर एक थेंब कोऱ्या पांढऱ्या कागदावर टाका अन् दुसऱ्या दिवशी उजेडात धरून बघा, पिवळट कडं किंवा तेलकट चट्टा राहिला असेल तर ते बोर्ड रंगवायला ठेवा, चित्राला नको. काहीच दिसलं नाही तर बिनधास्त वापरा. बिनवासाचं म्हणजे गॅमसॉल वगैरे, ऑनलाइन किंवा नागपूरला सीताबर्डीत चौकशी केली तर मिळून जाईल. महाग आहे खरं, पण एका चेहऱ्याला बाटलीच्या झाकणाएवढंही लागत नाही, छोटी बाटली लय पुरते.

मी तर म्हणतो उन्हाळ्यात काम करायचं असेल तर बिनवासाचंच घ्या, अन् याचं कारण पैशाचं नाही, आपल्या उन्हाचं आहे. प्रत्येक सॉल्व्हंटचा एक फ्लॅश पॉइंट असतो, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ इतकी निघते की ठिणगी मिळाली तर पेट घेते. टर्पेंटाइनचा साधारण 35 अंशांच्या आसपास, हार्डवेअरवाल्याचाही 35 ते 40 च्या घरात, अन् गॅमसॉलचा 62 च्या जवळपास. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला 45 च्या वर जातात, अन् टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणजे उघडी वाटी ठेवली तर आपल्या खोलीत टर्पेंटाइन आधीच त्या रेषेच्या पलीकडं असतं. बाजूला चूल, देवाजवळचा दिवा, उदबत्ती, बिडी, काहीच नको. बाटली उन्हातल्या खिडकीत नको, मोटारसायकलच्या डिक्कीत तर नकोच नको.

बिनवासाचं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असंही नाही, वास येत नाही म्हणून वाफ किती झाली ते कळतच नाही. दोन खिडक्या उघड्या ठेवा, पंखा असा लावा की वाफ तोंडाकडं न येता खिडकीकडं जाईल. टर्पेंटाइननं काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं, तर बोटानं रंग पसरवू नका. अन् पाण्याच्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका. उन्हात खेळून आलेलं पोट्टं पाणी समजून तोंडाला लावते. पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, उलटीत ते फुप्फुसात जातं अन् तिथं जास्त नुकसान करतं, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. कामाला छोटी स्टीलची किंवा काचेची झाकणाची डबी घ्या. थर्माकोलचा द्रोण अन् तो पातळ प्लॅस्टिकचा चहाचा कप टर्पेंटाइनमध्ये विरघळतो, टेबलावर सगळं सांडतं. उरलेलं मोरीत ओतू नका, झाकण लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ परत वापरता येतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. एकदम वडिलांच्या चेहऱ्यावर जाऊ नका, त्याच कागदाच्या तुकड्यावर एक संत्र काढा. नागपुरी संत्र्यासारखा मास्तर नाही, त्यात गोलाई आहे, चमक आहे अन् सालीवर बारीक खड्डे आहेत, म्हणजे गाल, नाक अन् त्वचेचा पोत सगळं एकाच वस्तूत आलं. पहिले पूर्ण संत्र्यावर फिका पिवळा, जिथं उजेड चमकतो तेवढी जागा कोरी सोडून. मग नारिंगी, उजेडाकडून सावलीकडं वाढवत. सावलीच्या बाजूला थोडा लाल तपकिरी, अन् अगदी खालच्या कडेला किंचित निळा किंवा हिरवा, काळा नाही, काळ्यानं संत्र सडल्यासारखं दिसते. अजून एकदा नारिंगी सगळ्यावरून. मग दोन नाहीतर चार नंबरचा सिंथेटिक गोल ब्रश, सॉल्व्हंटमध्ये बुडवा, फडक्यावर टिपा, ब्रश ओलसर पाहिजे, थेंब पडता कामा नये. उजेडाच्या बाजूनं सुरू करा अन् सावलीकडं जा, उलटं केलं तर गडद रंग ओढून फिक्यात येतो. संत्र्याच्या गोलाईप्रमाणं वळत वळत हात चालवा. ठिपके डोळ्यांदेखत बुजतात अन् रंग एकदम गडद होतो, घाबरू नका, ओलं आहे म्हणून तसं दिसतं, वाळलं की थोडं उतरते.

वाळू द्या, इथंच सगळे घाई करतात. हाताची पालथी बाजू जवळ नेऊन हलकी टेकवा, थंड लागलं तर अजून ओलं आहे. ओल्यावर पेन्सिल चालवली की टोक चिखलासारखं होतं, गडद रेघ उमटते अन् कागदाचा लगदा निघतो. उन्हाळ्यात दहा पंधरा मिनिटांत होतं, पावसाळ्यात मात्र अर्धा तास बसा, चहा घ्या. वाळल्यावर परत थर, परत सॉल्व्हंट, दोन तीन फेऱ्या. सालीचे खड्डे मात्र सगळ्यात शेवटी, कोरड्यावर, टोकदार गडद नारिंगीनं बारीक ठिपके, अन् प्रत्येकाच्या एका बाजूला पांढऱ्या पेन्सिलचा कण. याच्यावर सॉल्व्हंट फिरवायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं परत सपाट होईल. चेहऱ्यातही हेच, रोमछिद्रं, दाढीचे खुंट, डोळ्याजवळच्या सुरकुत्या सगळं शेवटच्या कोरड्या थरात. उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा फार गुळगुळीत करू नका, तो फोटो स्टुडिओच्या एडिटिंगसारखा होतो अन् घरचे म्हणतात "हे आमचे बाबा नाही वाटून राह्यले". गालाचा मधला भाग अन् कपाळ सॉल्व्हंटनं, बाकी जरा खडबडीत राहू द्या.

पांढऱ्या पेन्सिलनं किंवा कलरलेस ब्लेंडरनं, म्हणजे बिनरंगाच्या पेन्सिलनं, दाबून घोटायचं असेल तर तेही एकदम शेवटी. त्यानं मेण दाबून बसतं, नंतर सॉल्व्हंट वरच्या वर घसरतं.

कागद 200 जीएसएमच्या वरचा घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), 300 असेल तर उत्तम, फार खरखरीत नको अन् काचेसारखा चकचकीतही नको. या सॉल्व्हंटनं कागद पाण्यासारखा फुगत नाही, पण पातळ कार्ट्रिज कागदातून ते आरपार जाऊन पाठीमागं डाग पडतो. मे महिन्यात सकाळी लवकर बसा. कुलरसमोर तर बसूच नका, एकतर वाऱ्यानं ब्रश टेकवल्या टेकवल्या सॉल्व्हंट उडून कडा पडतात, दुसरं म्हणजे त्या ओलसर हवेनं कागद नरम होतो. मेणाच्या पेन्सिलीही दुपारी मऊ पडतात, शार्पनरमध्ये शिसं तुटत राहतं, त्या खोलीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. अन् चित्र झाल्यावर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसली तर घाबरू नका, ते मेण वर येतं, मऊ सुती कापडानं अगदी हलकं पुसलं की जातं, मग फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे, दोन पातळ हात मारा. तेलाच्या पेन्सिलला हा त्रास होत नाही.

एक राहिलं. तुमच्या पेन्सिली कोणत्या ते तुम्ही लिहिलं नाही. शाळेच्या साध्या पेटीतल्या असतील तर त्यात भर जास्त अन् रंग कमी असतो, सॉल्व्हंट चालतं पण फिकं येतं, दोन थर वाढवावे लागतात. अन् वॉटरकलर पेन्सिली असतील तर टर्पेंटाइनचा उपयोगच नाही, त्या पाण्यात विरघळतात. पाण्यानं ओला केलेला ब्रश एका रेघेवर फिरवून बघा, रंग पसरला तर त्या वॉटरकलरच्या. ते बघा अन् पेटीचं नाव, कागदाचा जीएसएम एवढं कळवा, मग वडिलांच्या रंगाला कोणत्या चार पेन्सिली घ्यायच्या ते सांगतो.